जमीन सैल होईपर्यंत

परवाच्या शनिवारी सकाळी गाडी मागे घेताना मी आमच्याच घराचा मेलबॉक्स पाडला. गाडीला मागे कॅमेरा आहे. कॅमेऱ्यात मेलबॉक्स स्वच्छ दिसत होता, गाडी जिवाच्या आकांताने पीं पीं करत होती, आणि गाड्यांनी नेमकं केव्हा पीं पीं करावं हे ठरवण्याच्या कामावर मी गेली काही वर्षं पगार घेतो आहे. तरी पाडला. घरात येऊन शुभदाला सांगितलं, की रात्री बर्फ काढणारा ट्रक येऊन गेला ना, त्यानेच उडवला वाटतं. आमच्या नोव्हायमध्ये, या अमेरिकन उपनगरात, हे खपण्यासारखं आहे, दर हिवाळ्यात गल्लीतला एखादा तरी मेलबॉक्स त्या ट्रकच्या नावावर जातो. शुभदाने चहाच्या कपातून वर न बघता "हं" म्हटलं. माझी बायको पुण्याची आहे आणि मी नागपूरचा. चूक कोणाची हे आमच्या घरात लवकर ठरतं, पण ते मला सांगितलं जातंच असं नाही.

दुपारी खांब पुन्हा रोवायला म्हणून पहार घेऊन गेलो. मार्च सरत आला होता. बर्फ वितळून लॉनवर चिखल झाला होता, बूट त्यात पचपच करत होते. म्हटलं, दहा मिनिटांचं काम. पहिला घाव वीतभर खाली गेला आणि टण्ण करून उलटा आला. तो आवाज पहारीतून मनगटात, मनगटातून खांद्यात आणि तिथून दाढेत गेला. वर चिखल, खाली दगड. मी आणखी चार-पाच घाव घालून पाहिले, कारण समोरच्या घरातला म्हातारा खिडकीतून बघत होता आणि इतक्यात माघार घेणं बरं दिसलं नसतं. मग मुलीला फोन लावला. ईरा ॲन आर्बरला शिकते, मातीशी संबंधित काहीतरी शिकते. ती म्हणाली, "बाबा, ग्राउंड अजून फ्रोझन आहे. वेट करा ना. इट्स जस्ट अ मेलबॉक्स."

बरोबर आहे. मेलबॉक्सच होता. पण पहार हातात धरून मी उभा राहिलो तो उभाच राहिलो. थांबा, जमीन सैल होईपर्यंत थांबा, हे मी पूर्वी एक अख्खा हिवाळा ऐकलेलं आहे, आणि तेव्हा प्रश्न मेलबॉक्सचा नव्हता.

ईरा नुकती शाळेत जायला लागली होती तेव्हाची गोष्ट. आमची कंपनी नव्या गाड्यांची थंडीतली चाचणी घ्यायला दर हिवाळ्यात माणसं कॅनडात पाठवायची, ऑन्टॅरिओच्या पार उत्तरेला. गाडी रात्रभर उणे पस्तिसात उघड्यावर ठेवायची, पहाटे जाऊन चावी फिरवायची, इंजिन किती कण्हतं ते ऐकायचं, आणि हीटर काचेवरचा बर्फ किती वेळात सोडवतो ते बघायचं. तेव्हा हीटरचा माणूस मी. ज्याने वयाच्या पंचविशीपर्यंत थंडी म्हणजे संत्र्यांचा मोसम एवढंच समजून घेतलं होतं, त्याला या कामावर नेमणाऱ्या साहेबांच्या विनोदबुद्धीचं मला आजही कौतुक वाटतं.

सरहद्दीवरचा सू सेंट मेरीचा पूल ओलांडून वर गेलं की दिवसभर नुसती स्प्रूसची झाडं लागतात. काळी, किडकिडीत, एकमेकांना चिकटून उभी. मग एका ठिकाणी, काहीही वेगळं न दिसता, पाणलोट बदलतो आणि नद्या उत्तरेकडे वाहायला लागतात. नकाशात खालून वर. नद्यांनी असं करणं मला शेवटपर्यंत पटलं नाही. हिमयुग सरताना तिथे एक अफाट तळं साचलं होतं. ते वाहून गेलं आणि तळाचा गाळ मागे राहिला, चिकण, करडा, खोल. हजारो वर्षांनी आगगाडीचा मार्ग आखणाऱ्या सरकारी माणसांनी तो गाळ बोटांत चोळून पाहिला आणि ठरवलं की इथे गहू होणार. त्या जमिनीवर क्री लोक शिकार करत, मासे धरत कधीपासून राहत होते. त्यांना कोणी विचारलं नाही. कागदावर जमीन रिकामी होती. मग जमिनीचे चौकोन पाडले, महायुद्धाहून परतलेल्या सैनिकांना आणि समुद्रापलीकडच्या गरिबांना वाटले, आणि वाफेच्या इंजिनाला तहान लागेल तिथे तिथे एकेक गाव उभं केलं.

माती खरोखर चांगली होती. फक्त तिच्यावर उन्हाळा नव्हता. जुलैतसुद्धा एखाद्या पहाटे हिंव पडायचं आणि बटाट्याची पानं उकडल्यासारखी काळी व्हायची. लोकांनी गव्हाचा नाद सोडला आणि लाकडं तोडली. लाकूड होतं तोवर गावं होती. नंतर इंजिनं डिझेलवर गेली, त्यांना पाण्यासाठी थांबायचं कारण उरलं नाही. मग स्टेशन गेलं, शाळा गेली, दुकान गेलं, शेवटी रूळही उचलून नेले. माणसं मात्र थोडी उरली. त्यांना उचलून न्यायला कोणी आलं नव्हतं.

अशाच एका गावात एडना आणि वॉल्टर यांच्या घरी मला खोली मिळाली. कंपनीचे बाकीचे लोक तासाभरावरच्या टाउनमध्ये मोटेलात राहायचे. मोटेलात एका सकाळी मी पोह्यांना फोडणी दिली, आगीची घंटा वाजली आणि सगळी टीम पायजम्यात बर्फात उभी राहिली. त्यानंतर साहेबांनी माझी सोय "घरगुती वातावरणात" केली.

वॉल्टर ऐंशीच्या पुढचा, काठीसारखा उंच. त्याचा बाप लढाईहून येऊन तो चौकोन घेणाऱ्यांपैकी. वॉल्टरला रस्ता विचारला तर तो नसलेल्या गोष्टींवरून सांगायचा. शाळेपाशी डावीकडे वळ, हॅन्सनच्या गोठ्यावरून पुढे जा, टाकी लागली की थांब. शाळा पडून कित्येक वर्षं झालेली, गोठ्यावर झाडं वाढलेली, पाण्याची टाकी भंगारात गेलेली. पहिल्या आठवड्यात मी कंपनीची लाखमोलाची गाडी घेऊन तासभर बर्फात फिरलो. परत येऊन म्हटलं, शाळा कुठे दिसलीच नाही. तो शांतपणे म्हणाला, "नाहीच आहे ती. पण तू तिच्या अंगणातून तीनदा गेलास. मी खिडकीतून बघत होतो."

दुकान बंद झाल्यापासून गाव कॉफीला एडनाच्या स्वयंपाकघरात यायचं. भिंतीवर खिळ्यांच्या दोन ओळी होत्या आणि प्रत्येकाचा मग आपापल्या खिळ्यावर. गाव सोडून जाणाऱ्याला ती त्याचा मग बरोबर द्यायची. मेलेल्याचा मग त्याच्याबरोबर पेटीत जायचा. त्यामुळे वरची ओळ पूर्ण रिकामी झालेली होती, नुसते खिळे. मी राहायला आलो त्याच्या दुसऱ्या आठवड्यात खालच्या ओळीत एका खिळ्यावर बदकाचं चित्र असलेला एक मग दिसला. एडनाने सकाळची कॉफी मला त्यातच दिली. मी तिला मनातल्या मनात एडनाकाकू म्हणायला लागलो होतो.

जानेवारीत, लाकडं फोडता फोडता, वॉल्टर खाली बसला आणि उठला नाही.

टाउनच्या चर्चमध्ये प्रार्थना झाली. मग सगळे घरी आले आणि वॉल्टर तिथेच राहिला. मला कळेना की आता स्मशानात कधी जायचं. गावातला लॉइड, लाकडाच्या गिरणीत आयुष्य गेलेला, बोलायला तिरका म्हातारा, त्याने मला समजावलं. जमीन पुरुषभर खोल गोठते. मशीनसुद्धा दात मोडून घेतं. म्हणून हिवाळ्यात गेलेले टाउनच्या कब्रस्तानाजवळ एका दगडी खोलीत ठेवतात, आणि मेमध्ये, जमीन सैल झाली की, पुरतात. "जानेवारीत मरणं म्हणजे स्टेशनवर लवकर पोचण्यासारखं आहे," लॉइड म्हणाला. "गाडी मेमध्येच येणार."

आमच्याकडे माणूस सकाळी गेला तर संध्याकाळपर्यंत राख. तेराव्या दिवशी गोड जेवण, आणि चौदाव्या दिवशी लोक कामाला. दुःखाला इतकं वेळापत्रक असतं हे मला तोवर जाणवलंच नव्हतं. शुभदाने फोनवर सांगितलं, "तेरावा आलाय ना त्यांचा? त्या बाईला एकटीला तसंच जेवू देऊ नकोस. गोड कर काहीतरी." मी नोव्हायहून नेलेल्या रव्याचा शिरा केला, केळं घालून, तूप सोडून. पातेलं एडनापुढे ठेवलं आणि आमची पद्धत सांगितली, की हे खाल्लं की सुतक संपतं, माणूस पुढच्या वाटेला लागतो, घरातले आपल्या कामाला.

तिने पातेल्याकडे बघितलं. मग म्हणाली, "संपतं? वॉल्टर अजून त्या दगडी खोलीत आहे."

मला त्या टेबलाखाली जावंसं वाटलं. एडनाने चमचाभर खाल्लं, चांगलं आहे म्हणाली, बाकीचा शिरा डब्यात भरला आणि डबा मागच्या पडवीत फ्रीझरमध्ये ठेवून आली. उणे तिसात फ्रीझर हे मला जादाच वाटलं, पण माझ्या मताला त्या दिवशी भाव नव्हता.

त्यानंतर तिने मोजायला सुरुवात केली. गावाची एक रीत होती. टाउनच्या लोकांचा ट्रक, टाउनची पेटी, टाउनचे काळे कोट, हे सगळं गावाच्या कब्रस्तानाच्या गेटपर्यंत. गेटच्या आत फक्त गावातल्यांनी उचलायचं, सहा जणांनी, सहा कड्या धरून. पहिल्यांदा रेल्वेची माणसं तापाने गेली तेव्हापासून हे कधी चुकलं नव्हतं. आता टाउनचा अंत्यविधीवाला एडनाला पुन्हा पुन्हा सुचवत होता, की आमच्याकडेच पुरू, तिथे डांबरी रस्ता आहे, मशीन आहे, माणसं आहेत. पालिकेनेही सांगितलं होतं, की तुमच्या कब्रस्तानाचा रस्ता आता फार दिवस राखता येणार नाही. एडनाला वॉल्टर इथेच हवा होता. त्यांची एक मुलगी पाळण्यात असतानाच गेली होती, ती इथे होती. "तिच्याजवळ कोणीतरी असावं," एवढंच ती म्हणायची, आणि मगांकडे बघत बोटं दुमडायची. लॉइड. गिरणीवरचे दोघे भाऊ. पोस्ट सांभाळणारा. रेनो, त्याचं हृदय धड असलं तर. आणि शेवटी तिचं बोट बदकाच्या मगावर थांबायचं.

रविवारी ती मला टाउनला न्यायला सांगायची. चाचणीच्या गाडीला काळ्यापांढऱ्या नागमोडी पट्ट्यांचे स्टिकर लावलेले असत, नवं मॉडेल ओळखू येऊ नये म्हणून. त्या झेब्र्यात बसून एक काळा कोट घातलेली विधवा नवऱ्याला भेटायला जायची. दगडी खोलीसमोर गाडी उभी करायची. ती उतरायची नाही. लोखंडी दाराकडे बघत बसायची. पहिल्या रविवारी मी कौतुकाने हीटर पूर्ण सोडला, म्हटलं काकूला ऊब मिळू दे, शेवटी हे माझंच काम आहे. थोड्या वेळाने ती म्हणाली,

"तो बंद कर. वॉल्टर आत थंडीत आहे. आपण इथे उबेत बसणं बरं दिसत नाही."

मी बंद केला. आतून काचेवर बर्फ चढायला लागला, आमच्याच श्वासाचा. हळूहळू दार दिसेनासं झालं. तरी ती तिकडेच बघत होती. मी आयुष्यभर काचा स्वच्छ कशा राहतील याचा विचार केला आहे. काच अशी बंद होत जाण्याची कोणाला गरज असेल हे मला माहीत नव्हतं.

फेब्रुवारीत पोस्ट सांभाळणाऱ्याला त्याचा मुलगा सडबरीला घेऊन गेला. जाताना त्याचा मग त्याच्या हातात होता. मार्चमध्ये आमची चाचणी संपली. निघताना मी भिंतीकडे बघितलं. एडना म्हणाली, "तुझा देत नाही. तू जात नाहीयेस, घरी चालला आहेस." मी पूर्ण दिवस गाडी चालवत खाली आलो, आणि त्या वाक्याचा अर्थ लावण्यात नद्यांनी दिशा केव्हा बदलली ते कळलंच नाही.

मेमध्ये फोन आला. जमीन सैल झाली होती. एडनाने ये असं म्हटलं नाही. पोस्टवाला गेल्याने पाच झाले, रेनो धरून, एवढं सांगितलं आणि तिकडच्या चिखलाबद्दल बोलत राहिली. मी फोन ठेवला तेव्हा शुभदा बॅग भरत होती. मी म्हटलं, तू कशाला, एवढ्या लांब. ती म्हणाली, "मी येणार." तिचे वडील पुण्यात वारले त्याला तेव्हा वर्षच झालं होतं. तिकीट मिळून ती पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं, आणि वेळेत पोचली असती तरी बायका स्मशानात येत नाहीत असं तिच्या काकांनी सांगितलंच असतं. त्यावर आमच्याकडे कधी बोलणं झालं नव्हतं. ईराला मैत्रिणीकडे सोडून आम्ही निघालो.

त्या देशात वसंत सुंदर असतो असं कोणी म्हणत असेल तर त्याने तो मेमध्ये पाहिलेला नाही. सगळा करडा चिखल, हिवाळ्यात मेलेल्या गवताचा वास, चावणाऱ्या काळ्या माश्यांचे ढग. बर्फाने झाकलेलं सगळं वर आलेलं, गंजलेले पत्रे, शाळेच्या पायाचे दगड. वॉल्टरचे पत्ते मला तेव्हा पहिल्यांदा दिसले.

गेटपाशी टाउनचा ट्रक उभा होता. दोन धडधाकट पोरं काळ्या कोटात बाजूला. लॉइड आणि दोघे भाऊ आदल्या दिवशी खड्डा खणून कमरेत वाकलेले होते. रेनो आला, पण वॉकर धरून. तो स्वतःच म्हणाला, "मी टोपी धरतो." म्हणजे आम्ही चार. काळ्या कोटातली पोरं मदतीला पुढे सरकली, तर एडनाने हात वर केला. पाचवी कडी तिने स्वतः धरली. तिच्या खुब्यात स्टीलचा सांधा होता. सहावी कडी मोकळी होती.

शुभदाच्या हातात थर्मास होता. तिने तो गेटच्या खांबावर ठेवला, ओढणी कमरेला खोचली आणि येऊन कडी धरली.

लॉइडने तिच्याकडे बघितलं, मग एडनाकडे. "तिचा मग नाहीये."

"आज होईल," एडना म्हणाली. "उचला."

उचलताना मी सवयीने पेटीखाली खांदा घातला. बाकी पाच जण हात खाली सोडून कडीने धरत होते. त्यामुळे माझा कोपरा एकदम वर गेला, पेटी कलली आणि आत वॉल्टर सरकल्याचं सगळ्यांना ऐकू आलं. लॉइड दातांतून म्हणाला, "खाली घे रे. त्याला आता उंचावरून काय बघायचंय?" मी खाली घेतलं. वाट लांब नव्हती, पण चिखल घोट्याच्या वर होता आणि प्रत्येक पाऊल तो परत मागून घेत होता. मध्येच शुभदाचा डावा बूट आत राहिला. ती थांबली नाही. मोज्यावर चालत राहिली. मी तिच्या मागे होतो, मला तिची पाठ तेवढी दिसत होती. ती रडत होती की दम लागला होता, ते पाठीवरून सांगता येत नव्हतं. मुलीच्या छोट्या दगडाशेजारी आम्ही त्याला खाली सोडलं.

घरी आल्यावर एडनाने पडवीतून डबा आणला. शिरा. चार महिने गोठलेला. तिने तो गरम केला आणि सगळ्यांना वाढला. लॉइडने विचारलं हे काय आहे. ती म्हणाली, "आज तेरावा आहे." भिंतीवर खिळ्यांना तोटा नव्हता, वरची ओळ सगळीच मोकळी होती. शुभदाचा मग तिने वर लावला.

नंतर काही वर्षं नाताळाला फोन व्हायचे. लॉइड गेला. भावांपैकी एक गेला, दुसरा टाउनला गेला. एका सप्टेंबरात आमच्या या मेलबॉक्समध्ये एक खोका आला. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेले दोन मग होते, बदकाचा आणि शुभदाचा. मी एडनाला फोन केला तर तिच्या भाचीने उचलला. एडना ऑगस्टमध्ये गेली होती. जमीन मऊ होती, थांबावं लागलं नाही. तिला टाउनमध्ये पुरलं, कारण गावाचा रस्ता बंद झाला होता आणि उचलायला कोणी नव्हतं. भाची भली बाई होती. म्हणाली, तिथे छान मशीन आहे, पाच मिनिटांत झालं.

आम्हाला कळवलं असतं तर आम्ही गेलो असतो, असं मी शुभदाला त्या दिवशी म्हटलं. ती म्हणाली, तरी दोनच झाले असते.

आता नकाशात ते गाव मोठं करून बघितलं तर नाव येतं आणि नावाखाली झाडं येतात. शाळेपाशी डावीकडे वळणारं कोणी उरलेलं नाही. आमचं नोव्हाय तसं भरभराटीचं आहे. नवीन घरं, नवीन मराठी मंडळी, गणपतीला पार्किंग मिळत नाही. पण कोणाचा व्हिसा संपतो, कोणाची नोकरी सनीव्हेलला जाते, पोरं शिकून लांब जातात. आम्हीही कोणाच्या तरी इंजिनाला तहान लागली म्हणून इथे थांबलेलो. ते इंजिन उद्या कशावर चालेल, ते मला तरी विचारू नका, मी हीटरचा माणूस.

पहार गराजमध्ये ठेवून मी आत आलो. शुभदा टेबलाशी बसली होती, समोर एडनाकडचा तिचा मग. मी हात धुतले आणि म्हटलं, "ऐक, मेलबॉक्स त्या ट्रकने नाही पाडला."

"माहीत आहे," ती म्हणाली. "समोरच्या म्हाताऱ्याने सकाळीच येऊन सांगितलं. त्याच्याकडे ड्रिल आहे म्हणाला, गोठलेल्या जमिनीचं. उद्या जा आणि माग. आणि नुसता मागून येऊ नकोस, बस थोडा वेळ. मी मोजलंय. या गल्लीत आपल्याला नावाने ओळखणारे चारच आहेत. पाचवा तो होईल. सहावी मी आहेच."